'क्विंता' शोधताय?

माझी शाळा दुसऱ्या जागी हलली, ही बातमी मला मासळीबाजारात कळली.

मारिंका माझ्यासाठी सार्डिन साफ करत होती. वीस वर्षं मी तिच्याकडूनच मासे घेतो. ती मान वर न करता म्हणाली, "मास्तर, नवी जागा छान आहे हो तुमची. आमच्या पोरीचं नाव घातलं परवा."

"कुठली नवी जागा?"

"ती स्टेडियमच्या मागची. एसी काय, कॉफीचं मशीन काय. तुम्ही नव्हतात. एक टकला माणूस होता, फार गोड बोलला."

स्टेडियमच्या मागे 'सिरियस' ड्रायव्हिंग स्कूल आहे, आणि तो गोड बोलणारा टकला माणूस म्हणजे प्रोष्पेर. माझं स्कूल 'क्विंता', बाजारापासून तिसऱ्या गल्लीत, सव्वीस वर्षं त्याच दारात. क्विंता म्हणजे पाचवा गियर. अर्ध्या स्प्लिट शहराच्या हातात मी स्टिअरिंग दिलं आहे. उरलेलं अर्धं शहर, म्हणजे वळणावर ओव्हरटेक करणारं, ते प्रोष्पेरचं. हे मी रागानं सांगत नाही, निरीक्षण म्हणून सांगतो.

"मारिंका, तू गेलीस कशी तिथे?"

"फोनवर 'क्विंता' टाकलं. सगळ्यात वर जे आलं ते दाबलं. त्यांनी विचारलं, कधीपासून येणार? म्हटलं, सोमवारपासून." तिनं सार्डिन कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. "का हो, ते तुमचं नाही?"

घरी येऊन मी मासे ओट्यावर टाकले आणि स्वयंपाकघरातल्या कॉम्प्युटरसमोर बसलो. हा कॉम्प्युटर आमच्या नेदाचा. त्यावर ती पाककृती बघते, बहिणीशी बोलते आणि आणखी काहीबाही करते. मी दोन बोटांनी माझ्याच शाळेचं नाव टाइप केलं. सगळ्यात वर आलं ते असं:

'क्विंता शोधताय? पहिल्या फटक्यात लायसन्स.'

खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'सिरियस'. आणि त्याच्याही खाली मी.

"नेदा, हे बघ," मी म्हणालो. ती पीठ मळत होती. ती आली, माझ्या खांद्यावरून वाकून तिनं वाचलं, आणि तिचे पिठाचे हात क्षणभर हवेतच राहिले.

"जाऊ दे हो," ती म्हणाली. "नेटवर असं चालायचंच."

बायकोचा हा समजूतदारपणा मला तेव्हा फार मोठा वाटला. माणूस इतका उदार असू नये, असंही वाटलं.

आता असा प्रसंग आला की शहाणा माणूस वकिलाकडे जातो. मी कोपऱ्यावरच्या कॅफेत गेलो. तिथे बेर्नार्दिन असतो. तो जहाजावर इंजिनिअर होता आणि निवृत्त झाल्यापासून त्याला सगळंच कळतं. एकदा त्यानं माझ्या गुडघ्याचं निदान बोटीच्या पंपावरून केलं होतं, आणि ते बरोबर निघालं, तेव्हापासून तर त्याला आवरणंच कठीण झालं आहे.

"साधी गोष्ट आहे," कपातली साखर ढवळत तो म्हणाला. "त्यानं तुझं नाव विकत घेतलंय."

"माझं नाव? मी विकलं नाही."

"तू नाही. त्या सर्चवाल्या कंपनीनं. शब्दांचा लिलाव असतो तिथे. 'क्विंता' म्हटलं की माझी जाहिरात दाखवा, असं त्यानं सांगून ठेवलंय. पण त्यात एक गंमत आहे. कुणी ती जाहिरात दाबली की त्याच्या खिशातून पैसे जातात. दर वेळी." त्यानं चमचा बशीत ठेवला. "मग दाब ना."

एवढा सोपा न्याय जगात अजून शिल्लक आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मी दाबायला लागलो. सकाळी दात घासायच्या आधी तीनदा. दवाखान्यात रांगेत बसलो असताना. बेर्नार्दिननं कॅफेतल्या सगळ्यांना कामाला लावलं. औषधांच्या दुकानातल्या तोन्काबाई गिऱ्हाईक नसलं की दाबायच्या. न्हावी तर दाढी अर्धी सोडून दाबायचा, आणि हे मला अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकानंच सांगितलं. नेदाला सांगितलं, तर ती म्हणाली, "माझे हात ओले आहेत." तिचे हात आठवडाभर ओलेच होते.

दहा दिवसांनी प्रोष्पेरची जाहिरात जास्तच ठळक झाली. तिला आता फोटो आला होता, पत्ता आला होता, आणि चार तारे. तोन्काबाईंच्या भाच्याला या धंद्यातलं कळतं. त्याच्याकडून असं समजलं की जाहिरात जितकी जास्त दाबली जाईल तितकी त्या यंत्राला ती लोकांच्या आवडीची वाटते, आणि मग ते ती आणखी प्रेमानं दाखवतं, वर दरही कमी लावतं. म्हणजे अख्खी गल्ली दहा दिवस प्रोष्पेरच्या प्रचारात राबत होती.

"हे बोटीवर नव्हतं," बेर्नार्दिन म्हणाला आणि पेपर वाचू लागला.

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. हा माणूस नक्की कुणाच्या बाजूचा?

शंकेचं एक असतं. ती एकदा घरात आली की प्रत्येक खोलीत जाऊन बसते. माझं नाव लिलावात घ्यावं हे प्रोष्पेरला कसं सुचलं? त्याला तर वळणावर इंडिकेटर द्यायचंही सुचत नाही. आतून कुणीतरी सांगितलं असणार. आत म्हणजे आम्ही दोघंच: मी आणि श्पिरो. श्पिरो माझ्याकडचा दुसरा शिक्षक, चौपन्न वर्षांचा, भल्या मोठ्या मिशांचा, सतरा वर्षं माझ्याबरोबर. असा माणूस फितूर होऊ शकत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आणि लगेच आठवलं की दर गुरुवारी हा पाचला निघतो. काम सहापर्यंत असतं.

गुरुवारी मी त्याच्या मागे गेलो. अडचण एवढीच होती की माझ्याकडे शिकवायची गाडी तेवढी आहे, तिच्या छपरावर पाव मीटर उंच 'एल' आहे, आणि त्या वेळी स्टिअरिंगवर दार्दाना होती. दार्दाना दातांचे साचे बनवते. हात फार स्थिर, पण गाडीला घाबरते.

"ती पांढरी गाडी दिसते ना पुढे?" मी म्हणालो. "तिच्या मागे राहायचं. अंतर ठेवून."

"किती अंतर, मास्तर?"

"त्याला दिसणार नाही इतकं."

तिनं दोन गल्ल्या पार केल्या. मग म्हणाली, "मास्तर, आपण कुणाचा पाठलाग करतोय का?"

"हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे."

"तो श्पिरोसर आहे."

"पुढे बघा."

श्पिरो जुन्या चर्चमागच्या हॉलसमोर थांबला. त्याच्या पाठोपाठ एक लाल गाडी आली आणि तिच्यातून प्रोष्पेर उतरला. दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते आत गेले. मी दार्दानाला गाडी बाजूला लावायला सांगितली. तिनं ती इतकी सुंदर लावली की एरवी मी तिला शाबासकी दिली असती. खिडकीखाली उभं राहून मी कान लावला. थोड्या वेळानं आतून आठ पुरुष एका सुरात गायला लागले, समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं.

तो गाण्याचा ग्रुप होता. श्पिरो खालच्या सुरात, प्रोष्पेर मधल्या. नऊ वर्षं एकत्र गातात.

"मग मला कधी सांगितलं नाहीस?" दुसऱ्या दिवशी मी श्पिरोला विचारलं.

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि प्रोष्पेरचं नाव काढलं की तुम्ही जेवत नाही." त्यानं मिशा पुसल्या. "काल खिडकीखाली उभे होतात ना? एल दिसत होता आतून. आम्ही दुसरं कडवं तुमच्यासाठी जरा मोठ्यानं म्हटलं."

अपमान तर झालाच होता. तेव्हा वकिलाकडे जायला आता हरकत नव्हती. विन्का माझी जुनी विद्यार्थिनी, पाचव्या परीक्षेत पास झाली होती. त्यामुळे तिला चिकाटी कशाला म्हणतात ते ठाऊक आहे, असा माझा हिशेब.

"मास्तर, 'क्विंता' हे नाव तुम्ही नोंदवलंय?"

"सव्वीस वर्षं दारावर आहे."

"दारावर नाही. राजधानीत, झाग्रेबला, ट्रेडमार्क म्हणून."

"आमच्या दारावरचं नाव वाचायला झाग्रेबहून कोण येतंय?"

पण नोंदवावं लागलं. अर्जात एक रकाना होता: 'चिन्हाचा अर्थ.' मी लिहिलं, 'पाचवा गियर.' पत्र आलं, 'अधिक स्पष्ट करावे.' मी लिहिलं, 'चौथ्यानंतरचा.' मग विन्कानं तो अर्ज माझ्या हातून काढून घेतला. त्यानंतर तीन महिने कुणाची हरकत आहे का याची वाट बघायची होती. मला खात्री होती की प्रोष्पेर हरकत घेणार. त्यानं घेतली नाही, आणि त्यामुळे माझा संशय आणखी वाढला.

मधल्या काळात पुरावा गोळा करायचा होता. फोनवर काढलेला फोटो कोर्टात टिकत नाही, म्हणून नोटरीनं स्वतःच्या कॉम्प्युटरवर 'क्विंता' शोधायचं, काय दिसतं ते लिहून घ्यायचं आणि शिक्का मारायचा. नोटरीबाई फार गंभीर होत्या. त्यांनी चष्मा लावला, तारीख-वेळ मोठ्यानं वाचली आणि टाइप केलं.

सगळ्यात वर मी होतो. खाली माझा पत्ता, माझा फोन, माझ्या दाराचा फोटो. प्रोष्पेर कुठेच नाही.

"अडचण काय आहे नक्की?" नोटरीबाईंनी विचारलं.

मी बाहेर येऊन बेर्नार्दिनला फोन केला. तो खुशीत होता. "आज सकाळपासून आम्ही सत्तर वेळा दाबलं," तो म्हणाला. "तुझं काम आहे ना आज, म्हटलं जरा जोर लावू. दुपारपर्यंत त्याचा जाहिरातीच्या पैशांचा दिवसाचा कोटाच संपला असेल."

माझ्या मित्रांनी माझा पुरावा संपवला होता, आणि शिक्का मारलेला कागद असं सांगत होता की मला कसलाच त्रास नाही. पुन्हा वेळ घेतली. त्या दिवशी मी कॅफेतल्या सगळ्यांचे फोन एका टोपलीत जमा केले आणि ती नेदाकडे दिली. जाहिरात आली. शिक्का पडला.

घरी येऊन मी नेदाला तो कागद दाखवला. तिनं तो दोनदा वाचला. "कोर्टात जायलाच हवं का?" ती म्हणाली. "प्रोष्पेरला भेटून सांगा ना सरळ. ऐकेल तो."

"तू त्याची बाजू का घेतेस?"

तिनं कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. त्या रविवारी कोबीचे रोल जरा खारट झाले होते. ते मी माझ्या बाजूनं धरलं, म्हणजे तिलाही या अन्यायाचा त्रास होतोय असं समजलो.

खटला उभा राहिला तो असा. पहिल्या न्यायाधीशबाईंनी माझं नाव बघून फाइल परत केली, कारण त्या माझ्याकडे शिकल्या होत्या आणि उतारावर मी त्यांना जे बोललो होतो ते त्या विसरल्या नव्हत्या. दुसऱ्यांचा मुलगा प्रोष्पेरकडे तीनदा नापास झाला होता. तिसरे न्यायाधीश शेजारच्या कश्तेलाहून बसनं येतात आणि त्यांना गाडी येतच नाही. शहरात निःपक्षपाती असा तो एकच माणूस सापडला.

सुनावणीच्या दिवशी दक्षिणेचा दमट वारा सुटला होता. त्या वाऱ्यात आमच्याकडे नवराबायकोही एकमेकांशी जपून बोलतात. बाकावर अख्खं कॅफे बसलं होतं. नेदा मागच्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून. प्रोष्पेर समोर, निळ्या सुटात, घामानं टक्कल चमकत होतं.

माझी साक्षीदार मारिंका. तिनं सगळं नीट सांगितलं: 'क्विंता' टाकलं, वरचं दाबलं, क्विंता समजून नाव घातलं. विन्का माझ्याकडे बघून हसली. मग प्रोष्पेरच्या वकिलानं एकच प्रश्न विचारला.

"मुलीला लायसन्स मिळालं का?"

"मिळालं की," मारिंका म्हणाली. "पहिल्या फटक्यात."

बाकावर कुणीतरी खोकलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो.

मग तो वकील उठला आणि त्यानं न्यायाधीशांपुढे एक कागद ठेवला. "ही माहिती जाहिरात कंपनीकडून रीतसर मागवलेली आहे. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यापासून, कुणी 'सिरियस' शोधलं की वर काय यायचं ते बघावं. माझे अशील त्यानंतर पंधरा महिन्यांनी या मार्गाला गेले."

न्यायाधीशांनी वाचलं. "'सिरियस कशाला? थेट पाचव्या गियरला या. क्विंता ड्रायव्हिंग स्कूल.'" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "श्रीयुत दुप्लांचिच?"

"बनावट आहे," मी उभा राहून म्हणालो. "साहेब, मला ईमेलसुद्धा उघडता येत नाही. सव्वीस वर्षांत मी एक जाहिरात दिलेली नाही. आमची शाळा तोंडी प्रसिद्धीवर चालते. हा माणूस माझ्या नावानं खोटं खातं उघडतो आणि वर..."

"खातं तुमच्या नावावर नाही," न्यायाधीश म्हणाले. "नेदा दुप्लांचिच यांच्या नावावर आहे. या कोण?"

मागच्या रांगेत एक हात वर झाला. शाळेतल्या मुलीसारखा, कोपरातून सरळ.

"मीच ती, साहेब," नेदा म्हणाली. "आधी मीच केलं. यांना काही माहीत नाही."

यानंतर काय काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. न्यायाधीश समजावून सांगत होते की दुसऱ्याच्या नावावर आपली जाहिरात लावणं हा मुळात गुन्हा नाही. ती कुणाची आहे हे गिऱ्हाइकाला कळलं नाही, तर मात्र चूक. नेदाच्या जाहिरातीत कळत होतं. प्रोष्पेरच्या जाहिरातीत मारिंकाला कळलं नाही. तेव्हा माझ्या दाव्यात थोडा दम आहे, पण दोन्ही पक्षांनी बाहेर जाऊन तोंडं धुवावीत आणि एकमेकांच्या नावावर जाहिराती लावणं सोडावं, हे बरं. विन्कानं माझ्या कोपराला धरून तशा समझोत्यावर सही करवून घेतली. प्रोष्पेरनंही केली.

दारात तो माझ्याशेजारी थांबला. "मला वाटलं होतं तूच केलंस," तो म्हणाला. "माझ्या जावयानं दाखवलं, तेव्हा दोन दिवस जेवलो नाही मी. म्हटलं, लोव्रे, तू असं करशील?" मग तो गेला. त्यानं हरकत का घेतली नव्हती, ते मी विचारलं नाही.

कोर्टाच्या पायऱ्यांवर नेदा उभी होती. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते.

"का?" मी विचारलं.

"त्या मे महिन्यात तुम्ही रोज आठला गाडी घेऊन जायचात आणि बाराला यायचात," ती म्हणाली. "विचारलं की म्हणायचात, चार तास धडे होते, घसा बसला. एकदा मी बहिणीबरोबर मार्यानच्या टेकडीवर फिरायला गेले. पाइनच्या झाडांखाली तुमची गाडी उभी होती. तुम्ही तुमच्या सीटवर होतात, आणि शेजारची शिकणाऱ्याची सीट रिकामी. काच खाली होती. तुम्ही म्हणत होतात, 'क्लच हळूहळू सोडा. घाई कुणाला आहे?'"

ही गोष्ट मी तुम्हालाही सांगितली नव्हती. त्या वर्षी सात आठवडे माझ्याकडे एकही नवीन माणूस आला नव्हता. श्पिरोला त्याची जुनी मुलं होती, ती मी त्याच्याकडेच ठेवली. घरी बसलो असतो तर कळलं असतं, म्हणून मी गाडी घेऊन निघायचो. आणि नुसतं बसून बारा वाजत नसत, म्हणून बोलायचो.

"बहिणीला दिसलं?"

"तिला मी फुलं दाखवायला वळवलं." नेदानं केस मागे सारले. "मग मी ग्रंथालयात गेले. साठीच्या लोकांसाठी तिथे मोफत वर्ग असतात कॉम्प्युटरचे. डाळ शिजेपर्यंत रोज थोडं करायचे. जूनमध्ये तुमच्याकडे पाच जण आले, आठवतं? तुम्ही सांगत सुटला होतात, बघ, लोकांच्या तोंडात अजून आपलंच नाव आहे."

मला आठवत होतं. मी त्या दिवशी कॅफेत सगळ्यांना कॉफी पाजली होती आणि जाहिराती करणाऱ्यांवर वीस मिनिटं बोललो होतो.

आम्ही घरापर्यंत चालत आलो. वाटेत बेर्नार्दिन काहीतरी सल्ला द्यायला उठला होता, पण नेदानं त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो बसला. जिन्यात ती म्हणाली, "एक मागते."

"माग."

"मला गाडी शिकवा. चौतीस वर्षं टाळलंत."

टाळलं हे खरं आहे. ड्रायव्हिंग मास्तरच्या बायकोला गाडी येत नाही याची गल्लीत थट्टा व्हायची. मी सांगायचो, तिलाच आवड नाही.

रविवारी सकाळी आम्ही समुद्राकाठच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गेलो. तिनं सीट पुढे ओढली, आरसे लावले, पट्टा लावला, सगळं मी न सांगता. दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा पाच-सात मीटर गेली आणि तिनंच थांबवली.

"अहो, पाय काढा," ती म्हणाली.

"कुठला पाय?"

शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. त्यावर माझा पाय होता. तो तिथे असायलाच हवा, नियम तसा आहे, सुरक्षितता म्हणून काही गोष्ट असते, आणि मी हे सगळं तिला व्यवस्थित समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग इंजिन बंद केलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर समुद्राकडे बघत बसली. तिला काही घाई नव्हती.

मी पाय काढला. दुसराही काढला आणि दोन्ही सीटखाली ओढून घेतले. गुडघे दुखले.

नेदानं किल्ली फिरवली, पहिला गियर टाकला आणि क्लच इतक्या हळू सोडला की गाडी कधी निघाली ते मला कळलंच नाही. पार्किंगच्या टोकाला पोहोचायच्या आत तिनं दुसरा टाकला. मला विचारलं नाही.